हेल्गी-सिग्रूनच्या कथेवरून मराठीत डार्क फॅन्टसी: प्रकल्प नोंदी

९ जून. मूळ कथा ठरली

काम असे: सोळा-सतरापासून पुढच्या वाचकांसाठी, नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथेवर उभी राहणारी डार्क फॅन्टसी प्रेमकादंबरी, थेट मराठीत. अंदाजे ७०,००० शब्द. असेच काही लिहू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

ओडिन, थॉर, लोकी यांना मध्यभागी ठेवणारा पहिला आराखडा बाद केला. या देवांचे चेहरे वाचकाच्या डोक्यात पडद्यावरून आधीच बसलेले आहेत. शिवाय लोकीला देखणा, दुखावलेला प्रियकर केला की तो लोकी उरतच नाही. त्याची सगळी गंमत त्याच्यावर भरवसा ठेवता न येण्यात आहे, आणि प्रेमकथेला कुठेतरी भरवसा लागतोच.

त्याऐवजी 'पोएटिक एड्डा' या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहातले 'हेल्गी हुंडिंग्सबानीचे दुसरे काव्य' घेतले. प्रेम, सूड आणि मृत्यू यांची गाठ त्यात तयारच आहे. सिग्रूनचे लग्न होथब्रोद नावाच्या राजाशी ठरले आहे. तिला हेल्गी हवा आहे. हेल्गी तिच्यासाठी लढतो, पण त्या लढाईत तिचे वडील होग्नी आणि भाऊ ब्रागी मारले जातात. दुसरा भाऊ दाग शपथ घेतो म्हणून वाचतो, पुढे शपथ मोडून ओडिनने दिलेल्या भाल्याने हेल्गीला मारतो. मग एका संध्याकाळी मेलेला हेल्गी आपल्या दफनाच्या टेकाडाकडे घोड्यावरून येताना सिग्रूनच्या दासीला दिसतो. सिग्रून टेकाडात शिरते आणि एक रात्र त्याच्या कुशीत काढते.

या काव्याची जुनी प्रत एकच, कोडेक्स रेगियस. १२७० च्या आसपास आइसलँडमध्ये चामड्यावर लिहिलेली. त्यामुळे दोन भाषांतरांत फरक दिसला तर तो भाषांतरकाराचा किंवा संपादकाचा असतो, पर्यायी मूळ पाठाचा नसतो. हे आधी समजून घेतले की ताडून बघण्यात वेळ जात नाही.

१३ जून. हक्कांची बाब

पुराणकथेवर कुणाचा हक्क नाही, भाषांतराच्या शब्दांवर असतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. 'पोएटिक एड्डा'चे बेलोज यांचे इंग्रजी भाषांतर १९२३ चे. ते १९३९ मध्ये वारले, म्हणजे इथे ते मोकळे आहे. 'प्रोज एड्डा' या स्नोरीच्या गद्य ग्रंथाचे ब्रॉडर यांचे भाषांतर १९१६ चे, म्हणजे जुने, पण ब्रॉडर १९७१ मध्ये गेले. ते इथे अजून हक्कात आहे. नेटवर फुकट मिळते म्हणजे मोकळे, असे धरू नका. अमेरिकेचा हिशोब वेगळा, आपला वेगळा.

नियम केला: दोन-तीन भाषांतरे वाचायची, पुस्तक मिटायचे, मग प्रसंग आपल्या शब्दांत लिहायचा. समोर इंग्रजी उघडे ठेवून लिहिलेले परिच्छेद लगेच ओळखू येतात. क्रियापद कुठेतरी भलतीकडे जाऊन बसते.

२१ जून. रात्रच नाही

कथानक घातले आहे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सोग्नच्या फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधली समुद्राची चिंचोळी खाडी), दहाव्या शतकाच्या मध्यात. अक्षांश ६१ उत्तर. आराखड्यात मृत नायक पहिल्यांदा येतो तो जूनमध्ये, मध्यरात्री, मिट्ट काळोखात. हे होऊच शकत नाही. ६१ अंशांवर जूनच्या मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली जेमतेम साडेपाच अंश जातो. रात्रभर संधिप्रकाश असतो, बाहेर उभे राहून माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो.

एका प्रसंगाचा महिना बदलून भागले नाही, सगळे वेळापत्रक उलटे करावे लागले. खून उन्हाळ्यात, उजेडात. मृताचे येणे ऑक्टोबरच्या मध्यापासून, म्हणजे 'हिवाळ्याच्या रात्री' म्हणून जो सण पाळत तिथून. डिसेंबरच्या मध्यावर दिवस साडेपाच तासांचा, आणि फ्योर्डच्या कड्यांआड काही वस्त्यांना आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. कादंबरीला लागणारा काळोख भूगोलच पुरवतो. 'गूढ धुके पसरले होते' छापाची वाक्ये त्यामुळे आपोआप गळाली.

काव्यातली दासी सिग्रूनला बजावते की मेलेले दिवसाढवळ्यापेक्षा रात्री अधिक बलवान असतात. हाच कादंबरीचा पहिला नियम: दिवस जितका आखूड, मृत तितका जड. एप्रिलमध्ये तो दुबळा होणार, म्हणजे कथेला मुदत मिळाली.

४ जुलै. नावे आणि संबोधने

मूळ नावे न घेता नवी घेतली. कारण साधे: दाग हे नाव मराठीत एकदा 'दागला' झाले की डाग आणि दागिने दोन्ही आठवतात. प्रत्येक नावाला ला, ने, चा, कडे लावून मोठ्याने वाचले. टिकली ती अशी: आस्ता (नायिका), हाल्वर (नायक), ऐनार (आस्ताचा भाऊ), हेइद (भविष्य सांगणारी बाई, जुन्या कथांत अशा बायकांना हे नाव वारंवार येते). थोरा बाद झाले, विशेषण वाटते. स्वान्हिल्ड सुंदर आहे, पण 'स्वान्हिल्डच्या' म्हणताना जीभ अडते, आणि नायिकेचे नाव पानावर दहादा येते.

संबोधनांनी जास्त छळले. जुन्या काव्यात एका माणसाशी बोलताना सगळे 'तू'च म्हणतात, राजालाही. मराठीत तसे ठेवले तर आस्ता उद्धट वाटते. सगळीकडे 'तुम्ही' केले तर वाडा, पेशवाई, जरीपटका सगळे डोळ्यांसमोर येते. ठरले ते असे: घरात आणि बरोबरीच्यांत 'तू', वडिलांनाही 'तू'. आपल्याकडे अनेक घरांत बापाला अरे-तुरे चालतेच. हेइदला फक्त 'तुम्ही'. भावाला हाक मारताना नाव. 'दादा' आले की ऐनारचा खुनी हात विसरायला होतो.

देवाधर्माचे शब्द तपासले. वाल्हाल्लाला (लढाईत पडलेल्यांसाठीचे ओडिनचे दालन) स्वर्ग म्हणायचे नाही, हेलला नरक नाही. हेलकडे जाणारे बहुतेक लोक म्हातारपणाने, आजाराने मेलेले असतात, पाप्यांची ती जागा नव्हे. 'यमदूत' एका ठिकाणी शिरला होता, काढला.

१५ जुलै. पहिली तीन प्रकरणे रद्द

पहिले प्रकरण विश्वोत्पत्तीचे होते: गिन्नुंगागापची पोकळी, यमीर राक्षस, गाय औधुम्ला. सुमारे ३,००० शब्द. वाचायला वाईट नाही, पण त्यात कुणाला काहीच हवे नाही. दुसऱ्यात नऊ जगांची ओळख होती. नऊ जगांचा उल्लेख जुन्या काव्यांत आहे, पण ती नऊ कोणती याची यादी कुठल्याच जुन्या ग्रंथात दिलेली नाही. छापील नकाशांत दिसते ती जुळवाजुळव नंतरची. ज्याची खात्री मूळ ग्रंथ देत नाही त्यावर प्रकरण कशाला उभे करायचे?

आता कादंबरी सुरू होते ती चांदी तोलण्यापासून. हाल्वरच्या खुनाची भरपाई म्हणून ऐनार त्याच्या घरच्यांना चांदी देऊ करतो. १ मार्क म्हणजे ८ एयरिर, एक एयरिर साधारण २७ ग्रॅम. नाणी थोडी, बाकी तोडलेली कडी आणि सळयांचे तुकडे. घेणारा प्रत्येक तुकड्याच्या कडेला चाकूची बारीक खाच देऊन बघतो, आत तांबे तर नाही. आस्ता ताजवा धरून उभी आहे. आपल्या माणसाच्या जिवाचे वजन तिच्या हातात, आणि ते देणारा सख्खा भाऊ. या प्रसंगात एकही जादू नाही. पण काळोख इथूनच यायला हवा होता, नात्यातल्या देण्याघेण्यातून. काळे झगे आणि कावळे यांनी तो येत नाही.

२ ऑगस्ट. मृताचे शरीर

सर्वात जास्त पुनर्लेखन इथे. पहिल्या खर्ड्यातला हाल्वर धूसर, पारदर्शक, चांदण्यासारखा होता. नॉर्स मृत तसा नसतोच. त्याला वजन असते, वास असतो. सागांमध्ये (जुन्या आइसलँडी गद्यकथांत) टेकाडातला मृत निळा-काळा पडलेला, फुगलेला, बैलाइतका जड असतो. तो दारे मोडतो, गुरे मारतो, लोकांना वेडे करतो. त्याच्याशी कुस्ती करावी लागते.

दुसऱ्या टोकाला गेलेला खर्डाही टाकला. फुगलेल्या प्रेतावर कुणी प्रेम करत नाही. तोल काव्यानेच दाखवला. तिथे हेल्गीचे केस हिमकणांनी गच्च भरलेले आहेत, अंग रक्ताच्या दवाने भिजलेले, हात ओले आणि थंड. तरीही सिग्रूनला त्याचे चिलखत उतरायच्या आधीच त्याचे चुंबन घ्यायचे आहे. आणि तो तिला सांगतो की तू झोपण्यापूर्वी रडतेस तो प्रत्येक अश्रू रक्त होऊन माझ्या छातीवर पडतो.

यावरून हाल्वरसाठी ठरलेल्या गोष्टी: श्वास दिसत नाही (थंडीत सगळ्यांचा दिसतो, त्याचा नाही). केसांवरचे हिम आगीजवळही वितळत नाही. पावलाखालची फळी जिवंतपणी जितकी वाकायची त्यापेक्षा जास्त वाकते. रात्र सरेल तसा हात अधिक ओला होतो. सुंदर चेहऱ्याचे वर्णन तीन वाक्यांच्या वर कुठेही नाही.

६ ऑगस्ट. वय आणि अधिकार

या प्रकारच्या कादंबऱ्यांत नायक शेकडो वर्षांचा आणि नायिका शाळकरी, अशी जोडी सर्रास असते. आपण ती टाळली. दोघेही १९ वर्षांचे, हाल्वर मरून एकच उन्हाळा झालेला. प्रसंग चुंबनापलीकडे जात नाहीत. हाल्वर तिला धमकावून, कोंडून, 'तू माझीच' म्हणत प्रेम सिद्ध करतो असे दोन प्रसंग खर्ड्यात होते. ते ठेवले, पण त्यांचा अर्थ बदलला. ती त्याच्यात मृत्यू मुरत चालल्याची खूण आहे, आणि आस्ताला ती कळते. तरुण वाचकाला अशा वागण्याची ओढ वाटू नये, ते ओळखता यावे.

२४ ऑगस्ट. किंमत

मधली दहा प्रकरणे लोळत होती. भेटी होत्या, संवाद चांगले होते, पण प्रत्येक भेटीनंतर आस्ता 'खिन्न' होई, यापलीकडे काही बदलत नव्हते. भेटी नऊ होत्या, कारण नऊ हा नॉर्स कथांचा लाडका आकडा. चार कापल्या, पाच ठेवल्या, आणि नियम केला की प्रत्येक भेट आस्ताचे काहीतरी नेईल, आणि ते गेल्यामुळे पुढच्याच प्रकरणात एखादे काम अडेल.

पहिल्या भेटीत बोटांची स्पर्शाची जाण जाते. सूत कातता येत नाही. त्या काळची शिडे लोकरीची, आणि एका शिडासाठी घरच्या बायकांचे महिनोन्‌महिने कातणे-विणणे लागे. टकळी थांबली, शीड अर्धे राहिले, ऐनारचे जहाज किनाऱ्यावरच. म्हणून भाऊ हिवाळाभर घरात. एवढ्या एका दुव्याने मधल्या भागाचा कणा सरळ झाला, कारण खुनी आणि मृत आता एकाच कुंपणात आहेत.

दुसरीत झोप जाते. तिसरीत किंमत तिच्या एकटीची राहत नाही, दावणीतली गुरे मरू लागतात आणि गाव टेकाडाकडे बोट दाखवू लागते. चौथीत तिच्या पावलांचा आवाज जातो. फळीवरून चालली तरी कुत्रा कान टवकारत नाही.

पावलांची कल्पना स्नोरीच्या 'प्रोज एड्डा'तून आली. मेलेल्या बाल्दर देवाला हेलकडून परत आणायला हेर्मोद नऊ रात्री खोल, अंधाऱ्या दऱ्यांतून जातो आणि ग्योल नदीच्या सोन्याने शाकारलेल्या पुलावर पोचतो. राखणारी मोदगुद त्याला म्हणते, काल मेलेल्यांच्या पाच तुकड्या इथून गेल्या, तरी तुझ्या एकट्याखाली पूल तितकाच दणाणतोय. जिवंत माणूस ओळखायची ही खूण. आस्ताच्या पावलांना आवाजच उरला नाही तर त्या पुलावर ती मेलेल्यांतच मोजली जाईल. जायला मोकळी, परत यायला बंदी.

११ सप्टेंबर. हेइदची भविष्य-बैठक

भविष्य सांगणाऱ्या बाईच्या प्रसंगाला एरिक रक्तवर्णीच्या सागातला थोरब्योर्गचा प्रसंग समोर ठेवला. तिथले बारकावे इतके नेमके आहेत की कल्पना लढवायची गरज पडत नाही: खड्यांनी मढवलेला निळा झगा, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याची, पितळेने मढवलेली गोल मूठ असलेली काठी, कोंबडीच्या पिसांची उशी, शेळीच्या दुधातली पेज आणि जनावरांच्या काळजांचे जेवण, टोक मोडलेला चाकू. आणि मुख्य म्हणजे तिला एकटीने काही करता येत नाही. भोवती बायकांचे कडे लागते आणि गाणे येणारी कुणीतरी लागते. गाणे येणारी एकच मुलगी सापडते, ती ख्रिस्ती असते आणि आढेवेढे घेते.

खर्ड्यात हेइद एकटी, गुहेत, धूर सोडत बसली होती. ती आता घराच्या मधल्या चुलाणाजवळ, सगळ्यांसमोर बसते, आणि गाणे फक्त आस्ताच्या आईला येते. आईने ते वीस वर्षे लपवलेले आहे. प्रसंग दुप्पट चालला.

डेन्मार्कमधल्या फिरकाट इथल्या एका स्त्रीच्या थडग्यात खुरासनी ओव्याच्या बिया सापडल्या आहेत. त्या हेइदच्या थैलीत ठेवल्या. वनस्पती विषारी आहे. किती, कशी घ्यायची याचा शब्दही कादंबरीत नाही.

३० सप्टेंबर. रुन्स

आस्ता दाराच्या चौकटीवर रुन्स कोरते. खर्ड्यात २४ अक्षरांची जुनी वर्णमाला वापरली होती. दहाव्या शतकात ती मागे पडलेली होती, वापरात होती १६ अक्षरांची धाकटी. अक्षरे कमी म्हणजे एका चिन्हाला अनेक उच्चार. त्याचा फायदा घेतला: एकच कोरीव ओळ ऐनार एक वाचतो आणि आई दुसरी.

१८ ऑक्टोबर. शाप

काव्यातला सिग्रूनचा भावाला दिलेला शाप फार मोठा तुकडा आहे: वारा असून तुझे जहाज न चालो, शत्रू मागे असताना घोडा न धावो, तलवार फक्त तुझ्याच डोक्याभोवती गाओ, रानात लांडगा होऊन फिर. भाऊ लाल सोन्याची कडी देऊ करतो, जमीन देऊ करतो, आणि दोष ओडिनवर ढकलतो.

आस्ताचा शाप आधी ओवीत लिहिला. ओवी जात्यावरची माया घेऊन येते, शापाची धार बोथट झाली. अंत्ययमकाची चौपदीही पडली, ती पाठांतराची कविता वाटू लागली. नॉर्स छंदात शेवटी यमक नसते, ओळीच्या आत ठोक्याच्या शब्दांची सुरुवातीची अक्षरे जुळतात. तेच मराठीत केले. सध्याचा पाठ:

वारा वाहो, वल्ही वाकोत,
नाव तुझी नांगरलेली राहो.
तापो तुझी तलवार, तरी
धार धरो ती धन्याच्याच मानेवर.

तिसरी ओळ अजून सैल आहे. 'तापो' ऐवजी काही सापडले तर बदलू.

२ नोव्हेंबर. दासी

हे प्रकरण सर्वांत काळजीने करायचे. ९२२ मध्ये अरब राजदूत इब्न फदलान याने व्होल्गाकाठी रुस (पूर्वेकडे गेलेल्या नॉर्स लोकांच्या) सरदाराची अंत्यक्रिया डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली. मालकाबरोबर एक दासी मारली जाते. त्याआधी पुरुष तिला तळहातांवर उभी करून दाराच्या चौकटीसारख्या सांगाड्यावरून तीनदा पलीकडे पाहू देतात. पहिल्यांदा ती म्हणते, आईवडील दिसतात. दुसऱ्यांदा, मेलेले सगळे नातलग बसलेले दिसतात. तिसऱ्यांदा, हिरव्यागार नंदनवनात मालक दिसतो, तो बोलावतोय.

हाल्वरच्या अंत्ययात्रेसाठी हा प्रसंग घेतला आणि तो फार सुंदर उतरला. तेच चुकत होते. आपल्याकडे सतीशिळा गावोगाव उभ्या आहेत. मराठी वाचकाला हा प्रसंग परका नाही, आणि मेलेल्या पुरुषामागे बाईने जाणे यावर तेज चढवणारी एक ओळही या पुस्तकात चालणार नाही. दासीला नाव दिले, यॉरुन. ती पहिल्या दोन प्रकरणांपासून आस्ताबरोबर कातते, तिला मासे खारवणे आवडत नाही, तिची एक बहीण कुठेतरी विकली गेली आहे. अंत्यविधीला मद्याचा पेला तिच्या हाती द्यायचे काम आस्ताकडे येते. सुंदर शब्द चौकटीच्या पलीकडले बोलताना फक्त यॉरुनच्या तोंडी, आणि ती ते पढवल्यासारखे बोलते. निवेदन गप्प.

रक्तगरुडाची शिक्षाही एका जागी होती. ती खरोखर दिली जात असे का यावर अभ्यासकांत वाद आहे. कथेलाही तिची गरज नव्हती. काढली.

२० नोव्हेंबर. मुखपृष्ठ

पहिल्या रेखाटनात शिंगांचे शिरस्त्राण आणि चामड्याची घट्ट चोळी. शिंगे रूढ झाली ती १८७६ च्या बायरॉइटमधल्या वाग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेपासून. चित्रकाराला नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेल्या येर्मुंडबू शिरस्त्राणाचे फोटो दिले: गोल टोप, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. आस्तासाठी दोन खांद्यांवर दोन लंबगोल पिना, मध्ये मण्यांची माळ, पट्ट्यांचा लोकरी झगा. फेरबदलाचे ३,५०० रुपये वेगळे गेले. संदर्भचित्रे पहिल्याच दिवशी द्या, हा खर्च वाचतो.

१२ डिसेंबर. वाचनफेरी

१८ ते २० वयाच्या वाचकांना खर्डा दिला. २१० पाने, दोन्ही बाजूंनी छपाई, स्पायरलसह प्रतीला २६० रुपये. मोबाइलवर फाइल दिली असती तर फुकट, पण कागदावर लोक कुठे थांबतात ते पेनाच्या खुणांत दिसते.

पुनर्जन्माचा भाग सगळ्यांनी चुकीचा वाचला. काव्याशेवटी म्हटले आहे की जुन्या काळी माणसे पुन्हा जन्मतात असे मानत, आता त्याला म्हाताऱ्यांची खुळी समजूत म्हणतात. सिग्रून आधी स्वावा होती, पुढे कारा होते. खर्ड्यात हे एका परिच्छेदात आले आणि वाचकांनी लगेच मागच्या जन्मीचे ऋण, कर्म, सात जन्मांची गाठ असे जोडले. नॉर्स कथेत कर्माचा हिशोब नाही. पूर्वजाचे नाव बाळाला देणे आणि त्याबरोबर त्याचे काहीतरी येणे, एवढेच. तो परिच्छेद काढून शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक नामकरण घातले.

शब्दसूची साठ शब्दांची होती. कुणीच उघडली नाही. जो शब्द प्रसंगातून कळत नाही तो प्रसंगच दुरुस्त करायचा, असे करत सूची अठरावर आणली.

कातण्या-विणण्याचे प्रसंग कंटाळवाणे होतील अशी धास्ती होती. उलट तिथेच समासात सर्वाधिक खुणा. उभा माग, खाली लोंबणारी मऊ दगडाची वजने, ती एकमेकांवर आपटल्याचा आवाज. आस्ताची बोटे बधिर झाल्यावर ती धाग्याचा ताण या आवाजावरून ओळखते, हे एका वाचकाने अधोरेखित करून शेजारी 'थांबलो' लिहिले आहे.

७ जानेवारी. शेवट

काव्यात हेल्गी पहाटे जातो. साल्गोफ्निर कोंबडा आरवायच्या आत त्याला आकाशाच्या तांबूस वाटेने परतायचे असते. दुसऱ्या संध्याकाळी तो येत नाही आणि सिग्रून दुःखाने अल्पायुषी ठरते. तो शेवट घेतला तर यॉरुनच्या प्रकरणाशी बेइमानी होते.

आस्ताने सगळे जिंकून हाल्वरला जिवंत करण्याचा शेवटही लिहून पाहिला. किंमतीचा नियम मोडतो. बोटे, झोप, गुरे, आवाज हे सगळे मग कशासाठी गेले?

टिकलेला शेवट भावातून निघाला. आस्ता पुलावर मेलेल्यांत मोजली जाणार, कारण तिच्या पावलांना आवाज नाही. ऐनारच्या पावलांना आहे. तो तिच्याबरोबर टेकाडात उतरतो, परत येताना तिला पाठीवर घेतो आणि पूल त्याच्या पावलांखाली दोघांच्या वजनाने दणाणतो. राखणदारणीला जिवंत माणूस एकच ऐकू येतो. म्हणून आस्ताचा जीव वाचतो तो तिच्या प्रियकराचा खून करणाऱ्याच्या पाठीवर. ती त्याला माफ करत नाही. 'मी तुला क्षमा केली' हा संवाद खर्ड्यात होता, खोडला. ती फक्त त्याच्या गळ्यात हात घालते, कारण नाहीतर पडेल.

मृताचा बंदोबस्त सागांच्या रीतीने. एका सागाचा नायक ग्रेत्तिर टेकाडातल्या कार नावाच्या मृताचे डोके कापून त्याच्याच मांडीजवळ ठेवतो. त्याच सागात ग्लाम या दुसऱ्या मृताचे डोके कापून देह जाळतात. हे काम ऐनार करणार होता. आता आस्ता करते, हाल्वरच्याच तलवारीने, आणि त्याच्या परवानगीने. बोटांत जाण नसल्याने मूठ धरली गेली की नाही हे तिला बघून खात्री करावी लागते. प्रकरण ४,१०० शब्दांवरून २,६०० वर आणले. कापले ते सगळे तिच्या मनातले विचार.

२६ जानेवारी. अक्षरजुळणी

फाइल युनिकोडमधून छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये गेली की ऱ्य, ऱ्ह आणि ॲ फुटतात. 'तुझ्या' सुखरूप, 'दऱ्यांतून' तुटलेले. फोडलेल्या जागा शोधायला फाइलमध्ये आधी या तीन अक्षरांची यादी काढा आणि प्रुफात तेवढ्याच जागा बोटाने तपासा. रुन्सची ओळ चित्र म्हणून टाका, फाँट म्हणून नको. शापाच्या चार ओळी एकाच पानावर राहतील असे बघा, पहिल्या प्रुफात दोन इकडे आणि दोन पलीकडे गेल्या होत्या.

अंतिम शब्दसंख्या ६३,४००, प्रकरणे २९. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन, शुल्क नाही. प्रुफाची दुसरी फेरी बाकी आहे, आणि शापातली तिसरी ओळही.